वॉश टू टाकायचा काय?

"शिगवणला चार्जशीट दिली म्हणे."

कंपनीच्या बसमध्ये माझ्या मागच्या सीटवर लॅबमधले दोघे बोलत होते. चिपळूणहून लोट्याला जाणारी सकाळची बस. मी नेहमीसारखी खिडकीकडे तोंड करून बसले होते. मनात आलं, दिली तर दिली. चार्जशीट त्यांना रोजच मिळते. मीच छापते.

"कोणी दिली?"

"पर्सोनेलने. काल पाच वाजता, सही घेऊन."

या दुसऱ्या उत्तराने पहिल्या वाक्याचा अर्थच बदलला.

आमच्या रसायनांच्या कारखान्यात चार्जशीट हा शब्द दोन कामं करायचा. रिअ‍ॅक्टर नावाच्या मोठ्या भांड्यात माल भरणं म्हणजे चार्ज करणं. म्हणून कुठला माल किती भरायचा, किती तापवायचा, कधी थांबायचं, याची पायऱ्यांची यादी म्हणजे चार्जशीट. आणि कामगारावर आरोप ठेवणारं पत्र, तीही चार्जशीटच. पहिली रोज सकाळी माझ्या प्रिंटरवर निघायची. दुसरी क्वचित कोणाला मिळायची. मिळाली की त्या माणसाच्या नोकरीचं काही खरं नसायचं.

दत्ताराम शिगवण हे प्लँटवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. खेडच्या बाजूच्या गावातले, पन्नाशीला आलेले. कारखाना उभा राहिला तेव्हा पाया खणायला आले आणि इथेच राहिले. त्यांना दुसरी चार्जशीट मिळाली होती ती पहिलीमुळे, हे मला बस लोट्याला पोचायच्या आत कळलं. चार दिवसांपूर्वी त्यांच्या हातून एक अख्खी बॅच वाया गेली होती.

मी रत्नागिरीची. शाळा इंग्रजी माध्यमाची, पुढे बीएस्सी, मग मुंबईला कॉम्प्युटरचा डिप्लोमा. ही पहिली नोकरी. चिपळूणला मामाकडे राहायचे. कारखान्यात कॉम्प्युटर एकच होता आणि तो चालवणारी मी एकटी. सगळे मला मॅडम म्हणायचे, करंदीकर साहेबसुद्धा. घरी आम्ही मराठीच बोलायचो, पण चारचौघांत वाक्य अर्ध्यावर आलं की मला इंग्रजी शब्द आठवायचा आणि मराठी आठवायचा नाही. मग मी वाक्यच सोडून द्यायचे. कॉम्प्युटरची खोली एसी होती, दार बंद असायचं, आत येताना बूट बाहेर काढायचा नियम होता. त्यामुळे फारसं कोणी यायचं नाही. मला ते बरं वाटायचं.

माझा प्रोग्राम काय करायचा ते सांगते. करंदीकर साहेब आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. प्रत्येक मालाची रेसिपी ते लिहायचे. ती म्हणजे इंग्रजी आज्ञांची एक छोटी भाषाच होती. हीट म्हणजे तापवा. ड्रेन म्हणजे खालचा व्हॉल्व्ह उघडून सोडून द्या. वॉश म्हणजे पाण्याने धुवा. प्रोग्राम ती रेसिपी वाचायचा, एकेक आज्ञा सुटी करायचा, त्या दिवशीच्या बॅचप्रमाणे मापं काढायचा आणि ऑपरेटरसाठी क्रमवार पायऱ्या छापायचा.

कुठला शब्द क्रिया आहे, कुठला वस्तू, कुठे एक आज्ञा संपून दुसरी सुरू होते, हे ठरवणाऱ्या भागाला पार्सर म्हणतात. शाळेत वाक्याचं पृथक्करण करायचो, तेच हे. फरक एवढाच, की कॉम्प्युटरला अंदाज करता येत नाही. त्याला नियम सांगावा लागतो.

नियम सोपा करायला मी एकदा धीर करून साहेबांच्या केबिनमध्ये गेले होते.

"सर, प्रत्येक आज्ञेनंतर एक कॉमा दिलात तर..."

"कॉमा? मी काय निबंध लिहितोय?" ते मान वर न करता म्हणाले. "इतकी वर्षं मी असंच लिहितोय. शिगवणला कळतं. शिगवण सातवी पास आहे. तुमच्या मशीनला कळायला नको?"

मी "हो सर" म्हटलं आणि खोलीत परत येऊन डोकं चालवत बसले.

अडचण मुख्यतः वॉश या शब्दाची होती. बॅच पाण्याने धुतली की पाणी खाली बसतं, ते खालून काढून घेतात. दुसऱ्यांदा धुवून निघालेल्या पाण्यात थोडा चांगला माल उतरलेला असतो, म्हणून ते वाया न घालवता वेगळ्या टाकीत साठवत. त्या पाण्याला म्हणायचे वॉश टू. टाकीलाही वॉश टू. आता साहेबांनी एका ओळीत 'ड्रेन वॉश २' लिहिलं, तर ती एक आज्ञा की दोन? 'ड्रेन करा, मग दोनदा धुवा', की 'वॉश टूची टाकी रिकामी करा'? अक्षरं तीच, क्रम तोच. त्या ओळीकडे दिवसभर बघत बसलं तरी उत्तर मिळत नाही. ते दुसरीकडे कुठेतरी असतं.

हे दुखणं माझ्या एकटीचं नव्हतं. मी प्रोग्राम सी नावाच्या भाषेत लिहीत होते, तिलाही ते आहे. सीमध्ये दोन नावांच्या मध्ये एक तारा काढला, तर त्याचा अर्थ या दोघांचा गुणाकार करा असा होतो. किंवा, पहिल्या नावाच्या जातीच्या वस्तूचा पत्ता ठेवायला दुसऱ्या नावाचा एक खण तयार करा, असाही होतो. कुठला अर्थ घ्यायचा हे त्या ओळीत लिहिलेलं नसतं. पहिलं नाव वर कुठेतरी जातीचं नाव म्हणून जाहीर केलेलं असेल तर दुसरा अर्थ, नाहीतर पहिला. म्हणून सीचा पार्सर वरून खाली येताना जाहीर झालेल्या नावांची वही ठेवतो आणि अडलं की वहीत बघतो.

मी तीच युक्ती उचलली. प्रत्येक रेसिपीच्या डोक्यावर पहिल्या पायरीत भरायच्या मालाची यादी असायची. माझ्या प्रोग्रामने ती वहीत उतरवून घ्यायची. पुढे वॉश शब्द आला की वही बघायची. यादीत वॉश असेल तर ती वस्तू, नसेल तर ती क्रिया. दोन आठवडे लागले. चाललं, तेव्हा मी कोणाला काही सांगितलं नाही, पण मनातून फार खूश होते. साहेबांना एकही कॉमा द्यावा लागला नाही. सहा महिने 'ड्रेन वॉश २' या ओळीच्या दोन पायऱ्या छापल्या जात होत्या: ड्रेन करा, दोनदा धुवा. अगदी बरोबर.

मग साहेबांनी एक चांगली सुधारणा केली. साठवलेल्या वॉश टूमधलं थोडं पाणी नव्या बॅचच्या सुरुवातीला वापरायचं ठरवलं. साहजिकच त्यांनी वरच्या यादीत एक शब्द वाढवला: वॉश. खालच्या ओळींना कोणी हात लावला नाही. तरी त्या क्षणी वीस ओळी खाली असलेल्या 'ड्रेन वॉश २'चा अर्थ बदलला. दोन पायऱ्यांच्या जागी एकच छापली गेली: वॉश टू टाकी ड्रेन करा.

त्या दिवशी शिगवणांनी तसं केलं. कित्येक दिवसांचं साठवलेलं पाणी गटाराच्या टाकीत गेलं, आणि बॅच न धुताच पुढे गेली ती लॅबमध्ये नापास झाली.

बसमधून उतरल्यावर मी आधी कॉम्प्युटर लावला. रेसिपी एकदा वॉश यादीत ठेवून छापली, एकदा काढून. दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एका कागदावर सतरा पायऱ्या, दुसऱ्यावर सोळा. कागद घेऊन मी करंदीकर साहेबांकडे गेले आणि जमेल तसं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, घाईत असायचे.

"म्हणजे प्रोग्राम चुकला?"

"नाही सर. नियमाप्रमाणे बरोबर आहे."

"मग माझी रेसिपी चुकली?"

"नाही सर. तीही..."

"मग झालं तर. तुमचं बरोबर, माझं बरोबर. राहिला कोण?" त्यांनी कागद परत दिले. "वीस वर्षांचा अनुभव आहे त्याला. भरलेली टाकी सोडायची म्हटल्यावर माणूस एकदा विचारील की नाही कोणालातरी? चार्जशीटमध्ये तेच आहे. कोणालाही न विचारता टाकी रिकामी केली."

मी कागद घेऊन खोलीत परत आले. पण ते शेवटचं वाक्य खरं नव्हतं.

शिगवण विचारायला आले होते. माझ्याकडेच. त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला दार थोडं उघडलं. बूट काढावे लागू नयेत म्हणून ते बाहेरच उभे राहिले आणि हात लांब करून त्यांनी चार्जशीट माझ्यापुढे धरली.

"मॅडम, साहेबांनी रेसिपी बदलल्येय काय? आज एक पायरी कमी हाय."

"हो, बदललीय," मी म्हटलं. बदललीच होती.

"मग ह्यो वॉश टू टाकायचा काय?"

"हो, टाका. शीटवर आहे तसं करा."

त्यांचा हात तसाच पुढे होता. मी कागद हातात घेतला नाही. घेतला असता तर त्यांना आत बोलवावं लागलं असतं आणि आणखी बोलावं लागलं असतं. मी पडद्याकडे वळले. दार बंद झालं.

त्यामुळे माझ्या हिशेबी प्रकरण असं होतं: वॉश टू टाकायचा का, म्हणजे ते पाणी आत घालायचं का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. आणि तरी शीटवर ड्रेन दिसलं म्हणून त्यांनी जाऊन टाकी सोडून दिली. मला त्यांची कीव येत होती, पण चूक त्यांची वाटत होती. ते विचारायला आले होते हे मी साहेबांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांचं आणखी वाईट दिसलं असतं, विचारूनसुद्धा चुकले, असा विचार मी केला. निदान तसा केला असं मी स्वतःला सांगितलं.

तीन दिवसांनी पर्सोनेल ऑफिसर राणे साहेबांनी मला बोलावलं. शिगवणांनी चार्जशीटला लेखी उत्तर दिलं होतं, मराठीत. ते इंग्रजी करून मुंबईला हेड ऑफिसला पाठवायचं होतं. निकाल तिथून यायचा होता.

"तुमचं इंग्लिश मीडियम ना?" ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम. सोमवारी चौकशी आहे, त्याच्या आधी द्या. आणि एक शब्द इकडचा तिकडे नको. माणसाची नोकरी आहे."

वहीचा एक कागद होता. अक्षर मोठं, ओळी खाली उतरत गेलेल्या. मी खोलीत बसून एकेक वाक्य करत गेले. मग ही वाक्यं आली:

'पायरी कमी दिसली म्हणून मी विचारले. वॉश टू टाकायचा काय असे विचारले. उत्तर मिळाले की टाका. तो चांगला माल होता, घालायचा असता तर मी विचारलेच नसते. टाकायचा जिवावर आले म्हणून विचारले. टाका म्हणाल्यावर टाकला.'

पहिलं वाक्य सहज झालं. दुसऱ्यात 'टाकायचा' आलं आणि मी सवयीने लिहून गेले, रिअ‍ॅक्टरमध्ये भरायचा का. चौथ्या वाक्याशी ते जुळेना. घालायचा असता तर विचारलंच नसतं. म्हणजे टाकणं आणि घालणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. टाकणं म्हणजे काय मग?

आणि मला मामी आठवली. चिपळूणला आल्यापासून रोज संध्याकाळी चहा करताना मी विचारायचे, "मामी, साखर टाकू?" आणि मामी रोज म्हणायची, "साखर घालतात गं बाई. टाकतात तो कचरा." मला ती कटकट वाटायची. आमच्या शाळेत, मुंबईच्या हॉस्टेलवर, सगळ्या मुली साखर टाकायच्या, मीठ टाकायच्या, पत्रावर पत्ता टाकायच्या. माझ्या वहीत टाकणं या शब्दापुढे एकच अर्थ होता. शिगवणांच्या वहीत दुसरा होता.

त्यांनी विचारलं होतं, हे फेकून द्यायचं का. मी उत्तर दिलं, हो, फेका.

मी खोलीतून उठले. बाहेर येऊन बूट घातले आणि पहिल्यांदाच एकटी प्लँटमागच्या ड्रम भरण्याच्या शेडमध्ये गेले. चौकशी होईपर्यंत शिगवणांना तिथे बसवलं होतं. ते ड्रमवर नंबर रंगवत होते. मला बघून उठायला लागले.

"बसा, काका." मॅडम म्हणणाऱ्या माणसाला काका म्हणायची ती माझी पहिलीच वेळ. "तुम्ही उत्तरात मी सांगितलं असं का नाही लिहिलंत?"

"तुमचं नाव कुठं ठाव हाय मला?" ते म्हणाले. "सगळी मॅडम बोलतात. कागदावर नुसतं मॅडम लिहिलं तर राणे साहेब बोलतील, बघा, बाईमाणसावर ढकलतो."

"विचारायचं होतं कोणाला."

"काय विचारू? मॅडम, तुमचं नाव सांगा, मला चार्जशीट आल्येय?" ते हसले. मी हसले नाही. त्यांनी ब्रश पुसून डब्यावर ठेवला. "बघ बाय, तू नवी हाय. मला काय करतील? घरी पाठवतील. शेती हाय थोडी. पण डोक्याला एकच लागलंय. मी विचारल्याशिवाय केलं, असं त्यात लिहिलंय. जन्मात कधी मी विचारल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडला नाय."

मी तशीच खोलीत परत आले.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते. चार्जशीट मागे घेतली गेली. शिगवण परत रिअ‍ॅक्टरवर आले. मला एक मेमो मिळाला, तो अजून माझ्याकडे आहे. करंदीकर साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, मग त्यांची नवी रेसिपी आली. त्यात प्रत्येक आज्ञेनंतर कॉमा होता, पेनाने जरा जास्तच दाबून दिलेला.

प्रोग्राम मी बदलला. मालाच्या यादीतलं एखादं नाव आज्ञेच्या नावासारखंच असेल, तर तो आता वही बघून स्वतः ठरवत नाही. छापायचं थांबतो, ती ओळ दाखवतो आणि दोन अर्थ लिहून कुठला हवा ते विचारतो. साहेबांच्या मते यात वेळ जातो. जातो. मला वाटायचं, कमीत कमी खुणांवरून अर्थ ओळखेल तो पार्सर हुशार. सीमध्ये ते खपतं, कारण तिथे वही एकच असते आणि लिहिणाऱ्यालाही तिचे नियम ठाऊक असतात. आमच्याकडे साहेबांची एक वही होती, प्रोग्रामची एक, शिगवणांची एक आणि माझी एक. आणि ज्याला प्रश्न विचारलाय त्याने उत्तर द्यायच्या आधी निदान कागद हातात घ्यावा.

हे सगळं नंतरचं. सोमवारी चौकशी सुरू व्हायच्या आधी मी भाषांतर घेऊन राणे साहेबांच्या खोलीत गेले. टेबलाच्या एका बाजूला राणे साहेब आणि करंदीकर साहेब बसले होते. शिगवण भिंतीपाशी उभे होते. त्यांनी धुतलेला शर्ट घातला होता आणि टोपी हातात होती.

राणे साहेबांनी कागद वाचायला घेतला. अर्ध्यावर थांबले.

"इथे दोन ठिकाणी जागा का सोडलीय?"

"तो शब्द..." मी सुरुवात केली.

"कुठला शब्द?" त्यांनी मूळ कागद शेजारी धरला. "टाका. टाका म्हणजे थ्रो. की पुट?"

"थ्रो लिहा नाहीतर पुट लिहा," करंदीकर साहेब म्हणाले. "मुद्दा तो नाहीये. मी विचारले, उत्तर मिळाले. कोणाला विचारले, कोणी दिले? नावच नाही. असं कोणीही लिहील." ते शिगवणांकडे वळले. "कोण ते सांग ना. आम्ही त्यालाही बोलावतो."

शिगवण टोपीकडे बघत राहिले.

"दुसरी जागा त्या नावाचीच सोडलीय का?" राणे साहेबांनी मला विचारलं.

माझ्या डोक्यात वाक्य इंग्रजीत तयार होतं. चांगलं होतं, रविवारभर घोकलेलं. ते बोलले असते तर दोन्ही साहेबांना कळलं असतं आणि भिंतीपाशी उभ्या माणसाला कळलं नसतं. मी ते सोडून दिलं. शोधत शोधत मराठीत बोलायला लागले. मध्ये दोनदा अडले.

"यांनी मला विचारलं होतं, सर. व्हॉल्व्ह उघडायच्या आधी येऊन विचारलं. हे फेकायचं का, असं ते विचारत होते. मी समजले की आत घालायचं का. आणि मी म्हटलं, टाका. म्हणून पहिल्या जागेवर थ्रो लिहा. दुसऱ्या जागेवर माझं नाव लिहा. नुसतं मॅडम नको. वृंदा जनार्दन लिमये."